गादीची प्रत

कोल्हापुरात राहून मी आयुष्यभर कापसाची नोकरी केली, असं सांगितलं की उचगावात आमच्या चौकातल्या चहाच्या गाड्यावर अजून हशा होतो. "कापूस? हितं? कानात घालायचा का वातीचा?" असं विचारतात. मी समजावत बसत नाही. ऊस म्हणजेच शेती आणि कारखान्याचा चेअरमन म्हणजेच देव, असा आमच्याकडचा धर्म आहे. पण जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जिथं एसटीचा कंडक्टर अर्धी तिकिटं मराठीत आणि अर्धी कानडीत फाडतो, तिथली काही माळरानाची गावं नव्वदच्या दशकात कापूस पिकवायची. हौस म्हणून नव्हे, पाणी नव्हतं म्हणून. पाणी असतं तर त्यांनीही ऊसच लावला असता आणि मला ही नोकरी मिळाली नसती.

त्या काळी राज्यातल्या शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारी खरेदीलाच द्यायचा, असा कायदा होता. व्यापाऱ्याला विकणं गुन्हा. राज्याबाहेर नेणं त्याहून मोठा गुन्हा. व्यापारी शेतकऱ्याला नाडतो हे सरकारच्या लक्षात आलं, म्हणून सरकारनं व्यापाऱ्याला बाजूला सारलं आणि ते काम स्वतःकडे घेतलं. कोणतं काम, ते मी फोड करून सांगत नाही.

मी या खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा. ढिगातनं मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागे सरळ करून काळ्या बाहीवर ठेवायचे, म्हणजे लांबी कळते. गालाला लावला की ओल कळते. पाचोळा किती, पिवळे डाग किती, ते डोळ्यानं दिसतं. मग म्हणायचं, पहिली, दुसरी, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे डागाळलेला, किडका माल. या एका शब्दावर माणसाच्या वर्षभराच्या राबण्याचा भाव ठरायचा. मी शब्द उच्चारेपर्यंत शेतकरी माझ्या तोंडाकडे ज्या एकाग्रतेनं बघायचा, तसं माझ्या लग्नाच्या बायकोनंही कधी बघितलेलं नाही.

केंद्र म्हणजे सीमेजवळच्या एका गावातलं पत्र्याचं गोदाम, पुढं पटांगण आणि एक वजनकाटा. हंगामात केंद्र रोज सुरू असायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात कधी बारदान, म्हणजे रिकामी पोती, संपलेलं, कधी गोदाम भरलेलं, कधी काट्याची तपासणी, कधी साहेबांची बैठक. पटांगणात बैलगाड्यांची रांग लागलेली असायची, बैल रवंथ करायचे, माणसं माझ्याकडे बघायची आणि मी वरच्या आदेशाकडे बघायचो. तिथनं सायकलीवर जाता येईल एवढ्या अंतरावर कर्नाटकाची हद्द. पलीकडे बाजार रोज भरायचा, लिलाव व्हायचा, आणि कापसाला कुणी "उद्या या" म्हणायचं नाही.

अशात आमच्या विभागीय साहेबांनी 'कापूस उत्पादक उत्पन्नवाढ कार्यक्रम' आणला. साहेब कोल्हापूरच्या कचेरीत बसायचे. शिक्षण मोठं, मन मोठं, जीप त्याहून मोठी. गावात येऊन त्यांनी मंडपात भाषण केलं, की सुधारित बियाणं वापरा, वेचणी स्वच्छ करा, म्हणजे उत्पन्न वाढेल. शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतनं एका बाईनं विचारलं, "सायेब, पिकवायचं समदं सांगितलासा. इकायचं कवा सांगनार?"

ही बसव्वा. सगळं गाव तिला बसाक्का म्हणायचं. लिंगायत शेतकरी कुटुंब, घरात कानडी, दारात मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही एकदम. नवरा शिवाप्पा हयात होता, धडधाकट होता, पण बसाक्का बोलत असताना तो बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिचा कापूस मात्र बघत राहावा असा. दव उडाल्याशिवाय ती वेचणीला बाई लावायची नाही. तागाचे तंतू मिसळू नयेत म्हणून जुन्या धोतरांच्या झोळ्या शिवल्या होत्या. आणि हा कापूस घेऊन ती माझ्या केंद्रावरच यायची. भांडायला.

"काय लावलासा?"

"पहिली."

"मग कागदावर दुसरी कशी?"

"अक्का, वरनं आदेश आलाय. पहिली प्रत फार होतेय म्हणतात. हात आखडून द्यायला सांगितलंय."

"म्हंजे माजा कापूस चांगला हाय, पर सरकारला येवडा चांगला नको?"

मी 'पहिली' लिहून पाठवायचो, कचेरीत ती 'दुसरी' व्हायची आणि बसाक्का माझ्या टेबलासमोर उभी राहून कानडीत माझ्या खात्याचा उद्धार करायची. "बरी सुळ्ळ!" हे तिचं पालुपद. म्हणजे नुसता खोटेपणा. पण पुढच्या गाडीला ती पुन्हा आमच्याकडेच. शेजारीपाजारी म्हणायचे, "पलीकडं घाल की, कशापायी डोकं फोडून घ्येतीस?" ती म्हणायची, "चोरून का इकू? माज्या रानात चोरी पिकतीय व्हय?"

एका वर्षी पलीकडचा भाव आमच्या भावापेक्षा खूपच चढला. आमचं केंद्र त्याच वर्षी नेमकं बारदानाची वाट बघत बसलं. आणि गावात लग्नं सुरू झाली.

लग्नं म्हणजे किती! ज्या घरात मुलगी नव्हती त्या घरातही लग्न. सगळ्या सोयरिकी हद्दीपलीकडच्या. टेम्पो सजायचे, केळीचे खुंट बांधायचे, पुढं सनई, आणि मागं मुलीच्या संसाराच्या गाद्या. एकावर एक रचलेल्या, दोरखंडानं आवळलेल्या. आपल्याकडे मुलीला गादी देण्याची रीत आहेच, पण त्या वर्षी गरिबातल्या गरीब नवरीलाही राजघराण्याला पुरतील इतक्या गाद्या जायला लागल्या.

हद्दीवर आमच्या खात्याचा नाका होता. तिथं जाधव म्हणून रखवालदार. गारगोटीकडचा माणूस, बायकामुलं तिकडं, हा इथं एकटा, कंटाळलेला. कापसाची गाडी दिसली तर अडवायची, एवढंच त्याचं काम. वऱ्हाड दिसलं की तो उठून उभा राहायचा, बुंदीचा लाडू घ्यायचा आणि नवरीला तोंडभरून आशीर्वाद द्यायचा. मला म्हणाला, "सायेब, ह्या भागातली मान्सं लई मायाळू. एक बी वऱ्हाड लाडू दिल्याबिगर जात न्हाय."

मग एका दुपारी एका टेम्पोचं चाक पंक्चर झालं. चाक काढायला वजन उतरवावं लागलं, म्हणून गाद्या नाक्याच्या सावलीत ठेवल्या. जाधवाला जेवणानंतरची डुलकी आली होती. त्यानं वऱ्हाडाच्या परवानगीनं एका गादीवर अंग टाकलं आणि लगेच किंचाळत उठला. पाठीत सगळीकडे खडे टोचल्यासारखं झालं होतं. ते खडे नव्हते, सरकी होती, कापसाचं बी. रानातला कापूस सरकीसकट खोळीत कोंबून वर टाके घातलेले. सनईवाला सगळ्यात आधी पळाला, मग नवरीही पळाली. तिला मिसरूड फुटलेलं होतं, असं जाधव शपथेवर सांगतो.

जाधवाला फार लागलं, पाठीला नव्हे, मनाला. एवढे आशीर्वाद वाया गेले होते. तेव्हापासून तो लाडवाकडे बघेना. वरनंही लेखी आदेश सुटला की कापूस कोणत्याही स्वरूपात हद्दीबाहेर जाता कामा नये आणि संशयित गादी आढळल्यास ग्रेडरचा दाखला घेतल्याशिवाय सोडू नये.

आणि या आदेशानंतर पहिलं वऱ्हाड आलं ते बसाक्काचं.

तिच्या लेकीचं, महादेवीचं, लग्न खरंच पलीकडच्या गावात ठरलं होतं. खरी नवरी, खरी हळद, खरा नवरा. दुपारचा मुहूर्त. टेम्पोत तीन पिढ्यांच्या बायका आणि मागं दोन गाद्या. घरच्या कापसाची सरकी काढून, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेल्या, वर लाल खोळ, कडेला बसाक्कानं स्वतः घातलेली शिवण. जाधवानं बांबू आडवा टाकला.

मला बोलवायला नाक्यावरनं मोटारसायकल आली. पोहोचलो तेव्हा बसाक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती. महादेवी टेम्पोत बसून रडत होती, तिची हळद गालावरनं ओघळत होती. शिवाप्पा लांब दगडावर बसून पायांकडे बघत होता. दोन्हीकडे बस, ट्रक खोळंबले होते आणि लोक उतरून मजा बघत होते.

"गादी उसवावी लागंल," जाधव म्हणाला. "आत काय हाय ते बगितल्याबिगर सोडता येत न्हाय. आदेश हाय."

"उसव," बसाक्का म्हणाली. "माज्या लेकीच्या लग्नाच्या गादीचा टाका उसवून दाव मला. मंग मी तुजा उसविते."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही गाद्या ठेवून पुढं जा. मुहूर्त गाठा. मी संध्याकाळी पोचत्या करतो."

ती माझ्याकडे वळली. तोपर्यंत मी तिचा राग पुष्कळ पाहिला होता. हा राग नव्हता. आवाज खाली आला होता, आणि ते मला जास्त लागलं.

"गिरेडर सायेब, गावातल्या समद्या खोट्या लग्नाच्या गाड्या पलीकडं गेल्या. त्यास्नी लाडू खाऊन सोडलासा. माजा कापूस मी तुमच्या दारात आनला, दरसाल आनला. तुमी दुसरी म्हनलासा, ती घेतली. आन् आज माज्या लेकीला बीगरांच्या दारात चोराची पोर म्हनून उतरवू व्हय?" बीगर म्हणजे व्याही.

गादी उसवणं मला नको होतं. लग्नाची गादी उसवलेली कुणाला आवडेल? पण न बघता दाखला द्यायचा तर नोकरीवर गदा. बसाक्कानंच वाट दाखवली, आणि तीसुद्धा कुत्सितपणे.

"एवडा संशव हाय तर झोपून बगा की! जाधव झोपलाच हुता न्हवं?"

लोक हसले. मला मात्र ते पटलं. शास्त्रीयदृष्ट्या त्यात काही खोट नव्हती. मी चप्पल काढली. दोघातिघांनी गादी उतरवून रस्त्याच्या कडेला अंथरली. आणि मी, शासनमान्य ग्रेडर, दोन्ही राज्यांच्या वाहतुकीच्या साक्षीनं त्या गादीवर उताणा झोपलो. मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. एका बसमधली म्हातारी ओरडली, "ह्यो नवरा व्हय गं? लई थोराड हाय की!" महादेवी रडता रडता हसली, एवढं मात्र मी पडल्या पडल्या पाहिलं.

दुसऱ्या गादीवरही झोपलो. गादी उत्तम होती. एक सरकी टोचली नाही. उठून मी दाखला लिहायला बसलो, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. आत कापूसच होता, आणि आदेश तर 'कोणत्याही स्वरूपात' असा होता. दाखल्याच्या छापील नमुन्यात 'प्रत' हा रकाना भरणं सक्तीचं होतं. मी आमच्या खात्याची प्रतींची यादी मनातल्या मनात घोकली आणि लिहिलं: 'सदर वस्तू सरकारमान्य कोणत्याही प्रतीत बसत नाही. ज्याची प्रत ठरत नाही तो या खात्यापुरता कापूस नव्हे. सबब ही गादी आहे.' खाली सही, तारीख, शिक्का.

जाधवानं दोनदा वाचलं. "ह्ये चालंल?"

"माझ्या सहीवर चाललं नाही तर मी जाईन. तू बांबू उचल."

त्यानं उचलला. टेम्पो हलला तेव्हा बसाक्कानं माझे आभार मानले नाहीत. तिचं लक्ष मुहूर्ताकडे होतं, आणि ते योग्यच. लग्न वेळेवर लागलं. तिथल्या व्याह्यांनी गाद्यांबद्दल एक शब्दही विचारला नाही, हे शिवाप्पानं मला नंतर स्वतःहून सांगितलं. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

कचेरीला बातमी माझ्याआधी पोचली. ज्ञापन आलं: 'आपण कर्तव्यावर असताना सार्वजनिक रस्त्यावर झोपल्याचे समजते. खुलासा करावा.' मी खुलासा केला: 'झोपलो हे खरे आहे. तथापि कर्तव्य म्हणूनच झोपलो.' यावर पुढचं ज्ञापन आलं नाही. साहेबांना त्या वाक्यात नेमकं चुकीचं काय ते सापडलं नसावं.

पण माझा दाखला मात्र त्या भागात गाजला. त्याच आठवड्यापासून लोक माझ्या खोलीवर गाद्या घेऊन यायला लागले. "सायेब, जरा झोपून बगता?" सरकी इतकी बारकाईनं वरच्या थराखाली लपवलेली असायची की वाहवा करावी. मी नकार द्यायचो. मग लोक मलाही ओलांडून गेले, माळावरनं, ओढ्यातनं, बैलगाडीनं, डोक्यावरनं. जाधव एकटा, हद्द लांबलचक.

आणि बसाक्का? लग्नानंतरच्या आठवड्यात तिनं उरलेला सगळा कापूस ट्रॉलीत भरला. झाकलाही नाही. भर दुपारी नाक्यासमोरनं नेला. जाधवानं बांबूला हात घातला तेव्हा ती ट्रॉलीवरनंच म्हणाली, "अडीव. आज खरंच चोरी हाय. आज अडीव की!"

जाधवानं हात मागं घेतला. मला येऊन म्हणाला, "सायेब, त्या दिवशी नवरीला रडवली आपुन. आज माजं धाडस झालं न्हाय."

त्या वर्षी गावाचं उत्पन्न वाढलं. डोळ्यांना दिसेल असं वाढलं. घरांवर नवी कौलं चढली, दोन-तीन दारांत मोटारसायकली आल्या. साहेबांनी पाहणी केली, अहवाल पाठवला आणि निष्कर्ष काढला की उत्पन्नवाढ कार्यक्रम यशस्वी झाला. सुधारित बियाणं आणि खात्याचं मार्गदर्शन. आमच्या केंद्रावर त्या हंगामात जेमतेम माल आला होता, ही बाब त्यांना विसंगत वाटली नाही. केंद्रावरची गर्दी कमी झाली, याचं श्रेय त्यांनी 'सुव्यवस्थापनाला' दिलं.

मग सत्कार. मंडप, हार, नारळ, शाली. आदर्श शेतकरी म्हणून शिवाप्पाचं नाव पुकारलं. तो उठला, शाल घेतली आणि माईक बायकोच्या हातात दिला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. ही खरं बोलली असती तर गावावर धाड पडली असती, जाधवाची नोकरी गेली असती, आणि माझीही.

बसाक्कानं पदर सावरला. साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सायबांनी सांगितलं, कापूस चांगला पिकवा. पिकवला," ती म्हणाली. "मी इचारलं हुतं, इकायचं कसं? त्ये त्यांनी काय सांगितलं न्हाय. मंग त्ये आमचं आमी केलं."

गाव हसून लोळायचं बाकी होतं. साहेबांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. स्वावलंबनाचं उत्तम उदाहरण, असं ते समारोपात म्हणाले. पुढं त्यांची बढती झाली.

पुढच्या काही वर्षांत सगळंच बदललं. सरकारचा हात आखडत गेला, आणि नवं शतक लागल्यावर लवकरच ती सक्तीची खरेदी संपली. कापूस कुणालाही विका, कुठंही न्या. नाक्यावरचा बांबू कुणीतरी मांडवाला नेला. जाधव गारगोटीला बायकामुलांत गेला. मला कोल्हापूरच्या कचेरीत एक टेबल मिळालं, ज्याच्यावर कापूस कधी आला नाही. तिथूनच मी निवृत्त झालो. माझा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आयुष्यभर जे शिकलं, त्याचा उपयोग आता फक्त उशा विकत घेताना होतो.

खुल्या बाजाराचं पहिलं वर्ष म्हणे सणासारखं गेलं. व्यापारी दारात टेम्पो घेऊन आले, बसायला पाट मागितला, चहा प्याले. पुढं एका वर्षी भाव कोसळला आणि टेम्पो यायचे थांबले. आले तेही प्रत बघेनात. स्वच्छ माल, कवडी, सगळं एका भावानं, घ्यायचं तर घ्या.

त्याच सुमारास एका सकाळी उचगावला माझ्या घरचा फोन वाजला. आवाज ओळखायला वेळ लागला नाही, तो फोनशिवायही ऐकू आला असता.

"गिरेडर सायेब, बसव्वा बोलतीय. ह्या भावाबद्दल अर्ज कुठं करायचा?"

"अक्का, आता अर्ज करायला कुणी नाही. खुला बाजार आहे."

"केंद्र?"

"बंद झालं."

"त्ये जीपवालं सायेब?"

"मुंबईला असतात. त्यांच्याकडं आता कापूस नाही, मासेमारी आहे."



"म्हंजे आता शिव्या घालायच्या तर कुनाला घालायच्या वो?"

मी खुर्ची ओढून घेतली. बायको स्वयंपाकघरातनं विचारत होती, कुणाचा फोन म्हणून.

"मला घाला," मी म्हटलं.

आणि तिनं घातल्या. आधी मराठीत, मग कानडीत, मग दोन्हीत मिळून. सरकार, व्यापारी, मी, माझं खातं, पलीकडचा बाजार, अलीकडचा बाजार, कुणालाही वगळलं नाही. मी मध्ये बोललो नाही, फोन दुसऱ्या कानालाही लावला नाही. तिचं सगळं सांगून होईपर्यंत ऐकत बसलो.